मशीन, मंदी आणि फॉरवर्ड : निवडणुकीनंतर हमखास विचारले जाणारे प्रश्न

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला निवडणुकीची ड्युटी चुकत नाही. त्यामुळे माझ्याकडे दोन्हीकडचे प्रश्न येतात. मतमोजणीनंतरचा पहिला आठवडा मशीनचा, म्हणजे ईव्हीएम या मतदान यंत्राचा असतो. मग ‘आता निवडणूक झाली, बघा कशी मंदी आणतात ते’ सुरू होतं. सोसायटीतली मंडळी, जुने ठेवीदार, पुतणे-भाचे, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. मी कुठल्या पक्षाचा हे विचारू नका. २००९ ची निवडणूक हरल्यावर अडवाणींनीही मतपत्रिका परत आणण्याची भाषा केली होती, आणि मशीनला कागदी चिठ्ठीची जोड मिळाली ती सुब्रमण्यम स्वामींच्या याचिकेवर २०१३ साली आलेल्या निकालामुळे. मशीनवरचा संशय हा हरलेल्या बाकावर बसणाऱ्यांचा असतो, आणि बाक बदलत राहतात.

ईव्हीएम हॅक होतं का? हो की नाही, एका शब्दात सांगा.

एका शब्दात सांगता येत नाही, कारण हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

लांबून, म्हणजे मोबाईलवरून, वायफायवरून, टॉवरवरून किंवा उपग्रहावरून? नाही. मतं साठवणारं कंट्रोल युनिट, बटणांचं बॅलट युनिट आणि कागदी चिठ्ठी छापणारं व्हीव्हीपॅट एकमेकांना केबलने जोडलेली असतात आणि बाहेरच्या कुठल्याही जाळ्याला जोडलेली नसतात. संदेश पकडणारा भागच आत नाही, तर संदेश जाणार कुठे?

मशीन हातात घेऊन, उघडून, आतला भाग बदलून? हे करता येतं, आणि २०१० मध्ये करून दाखवलेलं आहे. हैदराबादचे हरिप्रसाद आणि त्यांच्याबरोबरच्या दोन परदेशी संशोधकांनी निकाल दाखवणारा डिस्प्लेच बदलून टाकला होता. त्यात ब्लूटूथचा भाग बसवला की हवे ते आकडे दाखवता येत होते. ते मशीन मुंबईतल्या सरकारी कोठारातून आलेलं होतं, आणि त्या प्रकरणात हरिप्रसाद यांना अटक झाली. मशीनमधला दोष दाखवणाऱ्यालाच आत टाकलं, ही गोष्ट लोक विसरत नाहीत आणि विसरूही नये. पण त्या प्रयोगातलं मशीन जुन्या बनावटीचं होतं आणि त्याला चिठ्ठी नव्हती. आता प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या हाताने मोजून मशीनच्या आकड्याशी ताडतात. २०२४ च्या विधानसभेत २८८ मतदारसंघांतली अशी १,४४० केंद्रं मोजली गेली. निवडणूक आयोगाच्या म्हणण्यानुसार कुठेही फरक निघाला नाही.

तेव्हा खरा प्रश्न ताब्याचा आहे. मशीन कोणाच्या ताब्यात, सील कोणासमोर लागलं, नंबर कोणी लिहून घेतले. कुठलं मशीन कुठल्या मतदारसंघात आणि मग कुठल्या केंद्रावर जाणार, हे दोन वेळा संगणकावर सरमिसळ करून ठरतं. दोन्ही वेळेला पक्षांच्या प्रतिनिधींना बोलावतात. किती जण जातात, हे त्या त्या तहसील कार्यालयात एकदा विचारून बघा.

मग सुप्रीम कोर्टाने सगळ्या चिठ्ठ्या का मोजू दिल्या नाहीत?

२६ एप्रिल २०२४ च्या निकालात न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपांकर दत्ता यांनी शंभर टक्के मोजणीची मागणी फेटाळली, पण दोन गोष्टी दिल्या. व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची नावं-चिन्हं ज्या उपकरणातून भरली जातात, ते सीलबंद करून निकालानंतर ४५ दिवस जपायचं. टीकाकारांचा हा मुद्दा रास्त होता, कारण उमेदवारांचा क्रम ठरल्यावर मशीनला बाहेरून हात लागतो तो याच टप्प्यावर. दुसरं म्हणजे, दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालापासून सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के मशीन तपासून घेता येतात. खर्च त्याचा, आणि छेडछाड निघाली तर परत. २०२४ मध्ये हा खर्च एका संचाला ४७,२०० रुपये होता.

माझं मत विचाराल तर चिठ्ठ्या जास्त केंद्रांवर मोजाव्यात. निकालाला एक दिवस उशीर झाला म्हणून कोणाचं काही अडत नाही.

वायकर ४८ मतांनी जिंकले ते ओटीपीमुळेच ना? पेपरातही आलं होतं.

आलं होतं, आणि त्या पेपराने नंतर चूक कबूल केली. पहिली बातमी अजून फिरते, दुसरी कोणी पाठवत नाही.

४ जून २०२४, गोरेगावचं नेस्को केंद्र, मुंबई वायव्य लोकसभा. शिंदे गटाचे रवींद्र वायकर विरुद्ध ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर. वायकरांच्या एका नातेवाईकाने केंद्रात मोबाईल वापरल्याची तक्रार झाली आणि वनराई पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. केंद्रात मोबाईल न्यायला बंदी असते, म्हणजे गुन्हा खराच. पण त्या मोबाईलवर आलेल्या ओटीपीने ईव्हीएम ‘अनलॉक’ झालं, ही जोड बातमीत लागली. ईव्हीएमला ओटीपी लागत नाही. ओटीपी लागतो तो मोजलेले आकडे आयोगाच्या पोर्टलवर भरणाऱ्या कर्मचाऱ्याला, लॉगिन करताना.

आता या निकालातला फॉरवर्डमध्ये कधीच न येणारा भाग. मशीनमधल्या मतांत कीर्तिकर एका मताने पुढे होते, ४,५१,०९५ विरुद्ध ४,५१,०९४. निकाल फिरला तो टपाली मतांवर, म्हणजे कागदावर. वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१. मशीन ‘अनलॉक’ करून कोणी स्वतःच्याच उमेदवाराला एका मताने मागे ठेवेल का? भांडायचं तर बाद ठरवलेल्या टपाली मतांवर भांडायला हवं होतं. तो वाद कंटाळवाणा असतो, त्यात ओटीपीची मजा नाही.

विधानसभेला संध्याकाळी पाचनंतर ७६ लाख मतं कुठून आली?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आला आहे, तेव्हा जरा सविस्तर.

२० नोव्हेंबर २०२४ ला पाच वाजताची टक्केवारी ५८.२२ सांगितली गेली, अंतिम आकडा ६६.०५ निघाला. फरक ७.८३ टक्के. ९ कोटी ७० लाख मतदारांवर हा फरक काढला की ७६ लाख येतात. ऐकायला प्रचंड वाटतं. आता याला केंद्रांच्या संख्येने भागा. राज्यात एक लाखाच्या आसपास मतदान केंद्रं होती, म्हणजे केंद्रामागे ७६ मतं. दिवसभरात एकूण सुमारे ६ कोटी ४० लाख मतं पडली, म्हणजे केंद्रामागे ६४०. सात ते सहा असे अकरा तास धरले तर तासाला ५८. शेवटचा एक तास, आणि सहाच्या ठोक्याला रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या वाटल्या जातात ते, असं मिळून ७६ ही संख्या जगावेगळी नाही.

शिवाय पाच वाजताचा आकडा कसा गोळा होतो ते केंद्राध्यक्षाला विचारा. रांग दारापर्यंत आलेली असते, एका आजीबाईंना बटण सापडत नसतं, प्रतिनिधी ओळखपत्रावरून हुज्जत घालत असतात आणि तेवढ्यात झोनल अधिकाऱ्याचा फोन येतो, ‘किती झालं?’ नोंदवहीतला शेवटचा अनुक्रमांक बघून आपण आकडा सांगतो. कधी तो साडेचारचाच असतो. हा आकडा टीव्हीसाठी असतो, कायद्यात त्याला काही किंमत नाही. कायद्याचा आकडा फॉर्म १७ सी वर असतो, आणि तो मतदान संपल्यावर केंद्रावरच भरून पक्षांच्या प्रतिनिधींना प्रत देतात. एक लाख केंद्रांवरच्या या प्रती पक्षांकडे असायला हव्यात. त्यांची बेरीज करून ‘बघा, इथे मतं वाढली’ असं केंद्रवार कोणी मांडलेलं मी पाहिलेलं नाही. याच मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली, ती जून २०२५ मध्ये फेटाळली गेली.

आता आयोगाची बाजू घेतोय असं वाटायच्या आत दुसरी बाजूही सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक नियमांतला नियम ९३ बदलून सीसीटीव्हीचं चित्रीकरण सामान्य माणसाला मिळणार नाही अशी तजवीज झाली. पुढे २०२५ मध्ये, कोर्टात आव्हान नसेल तर ४५ दिवसांनी चित्रीकरण नष्ट करा, असं कळवलं गेलं. संशय टिपेला पोचला असताना दाखवायचं ते झाकलं, की ‘दाल में काला’ म्हणायला लोक मोकळेच. केंद्रवार १७ सी वेबसाइटवर टाकायला किती खर्च येतो?

पाच महिन्यांत ४० लाख मतदार वाढले, हेही खोटंच का?

नाही. हे खरं आहे, आणि माझ्या मते बोलायचं तर याच्यावर बोलावं. लोकसभेला ९ कोटी ३० लाख, विधानसभेला ९ कोटी ७० लाख. आयोगाचं म्हणणं असं की वाढलेल्यांपैकी सुमारे २६ लाख १८ ते २९ वयोगटातले आहेत. मोहीम घेतली की नावं वाढतातच. पण मतदार यादीची अवस्था काय आहे हे कुठल्याही बीएलओला, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला, खासगीत विचारा. मेलेल्यांची नावं असतात, घर सोडून वीस वर्षं झालेल्यांची असतात, माहेरी एक आणि सासरी एक अशी असतात. मुंबई महापालिकेसाठी प्रारूप यादी आली तेव्हा त्यात ११ लाखांच्या आसपास नोंदी संभाव्य दुबार निघाल्या, आणि राज्य निवडणूक आयोगाला त्यांच्यापुढे दोन-दोन तारे छापावे लागले.

यादीशी मुद्दाम खेळ करता येतो याचेही पुरावे आहेत. कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघात २०२२-२३ मध्ये नावं वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. तपासल्यावर त्यातले फक्त २४ बरोबर निघाले. एका बीएलओच्या नातेवाईकाचंच नाव त्यात आलं म्हणून हे उघड झालं. आपल्याकडे राजुऱ्यात, चंद्रपूर जिल्ह्यात, विधानसभेच्या तोंडावर हजारो बोगस नोंदणी-अर्ज सापडले आणि गुन्हा दाखल झाला. हे सगळं करायला हॅकर लागत नाही. इंटरनेटची दुकानं आणि भाड्याची पोरं पुरतात.

वीस मिनिटांत गावातल्या गावात तपासता येईल ती यादी कोणी उघडत नाही, आणि मशीनमधल्या चिपवर मात्र रात्र-रात्र चर्चा. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. यादीवर हरकत घ्यायला फॉर्म ७ असतो, प्रारूप यादी लागते तेव्हा ठरावीक मुदत असते, आणि ती मुदत संपली की बोंब मारून उपयोग नसतो.

नगरपालिकेच्या मतदानाला तर चिठ्ठी दिसलीच नाही!

बरोबर पाहिलंत. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, दिल्लीचा भारत निवडणूक आयोग नाही. राज्य आयोगाने व्हीव्हीपॅट वापरलेलं नाही. कारण दिलं ते बहुसदस्यीय प्रभागांचं, जिथे एकाच मतदाराला तीन-चार मतं द्यायची असतात. कारण तांत्रिक असेलही, पण इथे ताडायला कागद नाही हे खरं आहे, आणि यावर आरडाओरडा सगळ्यात कमी झाला.

मारकडवाडीत मतपत्रिकेवर मतदान का होऊ दिलं नाही? भीती कसली होती?

माळशिरस तालुक्यातल्या या गावात ३ डिसेंबर २०२४ ला गावकरी स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घेणार होते. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आणले, कार्यक्रम रद्द झाला. गंमत म्हणजे ज्यांच्या समर्थकांची तक्रार होती ते उत्तम जानकर या मतदारसंघातून निवडून आले होते. तक्रार एवढीच होती की या गावात त्यांना ८४३ आणि त्यांचे प्रतिस्पर्धी राम सातपुते यांना १,००३ मतं कशी.

खासगी मतदानाला कायद्यात स्थान नाही आणि गावात कोणी कोणाला मत दिलं हे त्यातून उघड होऊ शकतं, हे मान्य. तरी पोलिसांचा गराडा घालून काय मिळवलं? गावाचं नाव देशभर झालं, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते ‘घाबरले’ एवढंच. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजून दाखवणं हे दोघांनाही चाललं असतं.

जर्मनी, अमेरिका, जपान सगळे कागदावर गेले. मग आपणच का अडून बसलोय?

जर्मनीचं खरं आहे. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २००९ मध्ये सांगितलं की तांत्रिक ज्ञान नसलेल्या सामान्य नागरिकालाही मतमोजणी पडताळता आली पाहिजे. मशीन हॅक झालं असं ते म्हणाले नाहीत. युक्तिवाद मला पटतो. नेदरलँड्सही कागदावर परतलं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मत कागदावर देतात, पण मोजतं मशीनच. आणि कागद असूनही २०२० मध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. ट्रम्प हरल्यावर डोमिनियन कंपनीच्या मशीनवर खापर फोडलं गेलं, कोर्टात दावे टिकले नाहीत, आणि ते आरोप दाखवणाऱ्या फॉक्स न्यूजने २०२३ मध्ये त्या कंपनीला ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. कागद आला म्हणून संशय जात नाही. बूथ ताब्यात घेऊन शिक्के मारण्याचा काळ आपल्याकडच्या साठीच्या पुढच्या कोणालाही आठवेल.

४ जूनला शेअर बाजारात ३१ लाख कोटी बुडाले. ते कोणी नेले?

३ जून २०२४ ला एक्झिट पोलच्या भरवशावर सेन्सेक्स २,५०७ अंकांनी चढला, ४ जूनला ४,३८९ अंकांनी कोसळला, आणि ७ जूनला ७६,६९३ वर, म्हणजे पडण्याआधीच्याही वर बंद झाला. ३१ लाख कोटी ही त्या दिवशी घटलेली बाजारमूल्याची बेरीज आहे. तिजोरीतून कोणी पोती भरून नेली नाहीत. ज्याने त्या दिवशी विकलं नाही त्याचं तीन दिवसांनी काही गेलेलं नव्हतं. ज्याने घाबरून किंवा वायद्यात अडकून विकलं त्याचं गेलं, आणि अशांत लहान गुंतवणूकदारच जास्त असतात.

यात कट होता का? विरोधकांनी संयुक्त संसदीय समितीची मागणी केली, ती मान्य झाली नाही. मला खटकलं ते वेगळंच. निकालाआधी गृहमंत्र्यांनी मुलाखतीत ४ जूनपूर्वी शेअर घेऊन ठेवा असं सांगणं. आमच्या बँकेतल्या कारकुनाने गिऱ्हाईकाला असा सल्ला दिला असता तर मेमो निघाला असता.

निवडणूक झाली की बँका बुडणार, हा मेसेज खरा का?

‘नऊ बँका कायमच्या बंद’ या मेसेजबद्दल विचारताय ना? त्यात बँक ऑफ महाराष्ट्रचंही नाव होतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये तो जाहीरपणे खोडून काढला. अशाच अफवेचा इन्कार २०१७ च्या डिसेंबरातही करावा लागला होता.

पण २०१९ मध्ये तो एवढा का पसरला ते बघा. ऑगस्टच्या शेवटी दहा सरकारी बँकांचं चार बँकांत विलीनीकरण जाहीर झालं. २४ सप्टेंबरला पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची मुभा मिळाली. तेव्हाच विधानसभेचा प्रचार तापत होता. ‘विलीन’ चं ‘बंद’ झालं आणि एका बँकेच्या नऊ झाल्या. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्याला दोष देता येत नाही.

पीएमसी कशाने बुडाली? एचडीआयएल या एकाच बिल्डर समूहाला दिलेलं साडेसहा हजार कोटींच्या आसपासचं कर्ज, आणि ते लपवायला २१ हजारांहून जास्त बनावट खाती. निवडणुकीशी, नोटाबंदीशी, कुठल्या जागतिक कटाशी संबंध नाही. लेखापरीक्षकांनी वर्षानुवर्षं सह्या केल्या. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेतही फेब्रुवारी २०२५ मध्ये निघाली ती तिजोरीतल्या १२२ कोटींची अफरातफर; पुढे ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार २०१३ पासून लटकले, परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. यातल्या एकाही बँकेचं नाव आधी कुठल्या फॉरवर्डमध्ये आलेलं मला आठवत नाही.

माझे पैसे किती सुरक्षित आहेत?

बँक व्यापारी असो वा नागरी सहकारी, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह पाच लाख रुपयांपर्यंत आहे. फेब्रुवारी २०२० पर्यंत ते फक्त एक लाख होतं. निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत ही रक्कम द्यायची तरतूद २०२१ मध्ये झाली. एकाच बँकेच्या चार शाखांत विभागून ठेवलं तरी हिशेब एकत्रच होतो. हे मी काउंटरवर बसून कंठशोष करून सांगितलं आहे.

आणि पतसंस्थेला हा विमा नाही. मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीलाही नाही. नावाच्या पाटीवर ‘बँक’ सारखी अक्षरं, एसी ऑफिस, गणपतीला मोठी वर्गणी, बारा-तेरा टक्के व्याज, यातलं काहीही विम्याच्या जागी चालत नाही. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये मराठवाड्यातल्या ठेवीदारांची आयुष्यभराची कमाई अडकली. ऊसतोडीचे, निवृत्तीचे, मुलीच्या लग्नाचे पैसे होते ते. मंदी येणार का हे विचारण्याआधी आपली ठेव नेमकी कुठल्या प्रकारच्या संस्थेत आहे ते पासबुकावर बघा.

५०० ची नोट बंद होणार आहे का?

नाही. अफवेचा जन्म कसा होतो ते मात्र इथे छान दिसतं. २८ एप्रिल २०२५ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं. सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के आणि मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममधल्या किमान एका कॅसेटमधून १०० किंवा २०० च्या नोटा मिळाल्या पाहिजेत. सुट्ट्यांची चणचण असते म्हणून. एवढंच. ‘एटीएममध्ये १००-२०० ठेवा’ चं ‘एटीएममधून ५०० जाणार’ झालं आणि तारीख तीच राहिली, मार्च २०२६. खऱ्या परिपत्रकाची खरी तारीख असली की खोट्या मेसेजला वजन येतं. सरकारने खुलासा केला, पण भाजीवाल्यापर्यंत खुलासा पोचत नाही.

नंबरात चांदणी असलेली नोटही खरीच असते, खराब छापलेल्या नोटेच्या बदल्यात ती येते. आणि दोन हजारच्या नोटेत चिप नव्हती, हे २०१६ मध्ये ज्यांनी सांगितलं त्यांना तेव्हा देशद्रोही ठरवलं होतं.

रिझर्व्ह बँकेने १०० टन सोनं विकलं म्हणे?

उलटं आहे. ते सोनं इंग्लंडमधून भारतात आणलं, बातमी २०२४ च्या मे अखेरीस आली. मार्च २०२४ ला रिझर्व्ह बँकेकडे ८२२ टन सोनं होतं, मार्च २०२५ ला जवळपास ८८० टन. सोनं बाहेर गेलं होतं ते १९९१ मध्ये, जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरतील एवढेच डॉलर उरले असताना. तेव्हा सुमारे ४७ टन सोनं गहाण ठेवलं. त्या वर्षाची आठवण अजून ताजी आहे, म्हणून विमानातून सोनं म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो.

मंदी येणार आहे ना? तारीख सांगा.

तारीख सांगणारा भेटला तर त्याच्याकडून लॉटरीचा नंबरही घ्या.

मंदी म्हणजे काय याचं ढोबळ माप आहे. सलग दोन तिमाही देशाचं उत्पादन आटलं, तर तांत्रिक मंदी. आपल्याकडे ती २०२० मध्ये आली. पहिल्या अंदाजानुसार एप्रिल ते जून सुमारे २४ टक्के आणि जुलै ते सप्टेंबर साडेसात टक्के घट. कारण टाळेबंदी, जिची तारीख कुठल्याही भाकीतात नव्हती. त्याखेरीज ‘महामंदी येतेय’ हा मेसेज मला दरवर्षी येतो, फक्त सालाचा आकडा बदललेला असतो.

याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा मुळीच नाही. देशाचा विकासदर सहा-सात टक्के असतानाही इचलकरंजीतले माग बंद राहू शकतात. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावलं तेव्हा सोलापूरच्या टॉवेलवाल्यांसाठी मंदी त्याच महिन्यात आली, बाकीच्यांना पत्ताही नव्हता. कापूस हमीभावाच्या खाली गेला की यवतमाळला वेगळी व्याख्या लागत नाही.

निवडणूक संपली की पेट्रोल वाढतं. हा तरी कट मानाल की नाही?

कट म्हणा, सोय म्हणा, पण हे घडतं. जून २०१७ पासून भाव रोज बदलतात असा नियम आहे. तरी ४ नोव्हेंबर २०२१ ते २२ मार्च २०२२ या काळात, मध्ये उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका असताना, कच्चं तेल ८० डॉलरच्या घरातून शंभरीपार गेलं आणि पंपावरचा आकडा १३७ दिवस हलला नाही. निकाल लागून पंधरा दिवस झाले नाहीत तोच रोज ८०-८० पैसे वाढू लागले. कर्नाटकच्या २०१८ च्या निवडणुकीतही १९ दिवस भाव गोठले होते. सरकारने कधी कबूल केलं नाही. यासाठी गुप्त खोलीत बैठक व्हावी लागत नाही, सरकारी तेल कंपन्यांना इशारा कळतो.

लाडक्या बहिणीमुळे राज्य दिवाळखोर होणार का?

राज्य सरकारसाठी दिवाळखोरीचा कायदाच नाही, त्यामुळे त्या अर्थाने नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. राज्याच्या सकल उत्पन्नाच्या तुलनेत ते सुमारे १९ टक्के, मर्यादा २५ ची. म्हणजे राज्य बुडालेलं नाही.

पैसे मात्र कुठून तरी येतात. दीड हजार रुपये महिना, सव्वादोन कोटींच्या वर लाभार्थी, त्या वर्षासाठी ३६ हजार कोटींची तरतूद होती. कंत्राटदारांची बिलं थकली, आणि सामाजिक न्याय विभागाचा निधी वळवला म्हणून त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. यावर प्रश्न विचारावेत. ‘आधी दिलेले सगळे पैसे व्याजासह परत घेणार’ या मेसेजने मात्र घाबरू नये. ई-केवायसीच्या नावाने येणाऱ्या लिंकवर तर अजिबात बोट लावू नये, तिथे खातं रिकामं होतं.

घरातल्या ग्रुपवर काका रोज हे टाकतात. त्यांना कसं सांगू?

ग्रुपवर सांगू नका. चारचौघांत चूक दाखवली की वडीलधारा माणूस मेसेजसाठी नाही, मानासाठी भांडतो. फोन करा, चहाला जा. ‘काका, खोटं आहे’ म्हणण्यापेक्षा ‘काका, आपल्या पतसंस्थेला विमा आहे का हो?’ असं विचारा. काळजी खरीच असते, तिला नीट काम द्यावं.

मुलगा पहिल्यांदाच पोलिंग एजंट होतोय. त्याने नेमकं काय बघायचं?

पहाटे साडेपाचला केंद्रावर हजर. उशिरा आलेल्यासाठी मॉक पोल, म्हणजे मतदानाआधीची चाचणी, थांबत नाही. बॅलट युनिट, कंट्रोल युनिट आणि व्हीव्हीपॅट या तिन्हींचे नंबर पक्षाकडून मिळालेल्या यादीशी ताडून घ्यायचे. मोबाईल आत चालत नाही, म्हणून वही आणि दोन पेन. मॉक पोलमध्ये किमान ५० मतं टाकतात. प्रत्येक उमेदवाराचं बटण दाबलं जातंय का, चिठ्ठ्यांची बेरीज जुळते का, हे स्वतः मोजायचं. नंतर ‘क्लिअर’ चं बटण दाबून डिस्प्लेवर शून्य आलेलं डोळ्यांनी बघायचं, आणि मॉक पोलच्या चिठ्ठ्या डब्यातून काढून वेगळ्या पाकिटात सील झाल्या का तेही. ‘मतदान झालं ३१२ आणि मशीनमध्ये निघाली ३६२’ छापाच्या बातमीमागे बहुतेक वेळा हे शून्य करायचं राहिलेलं असतं. हिरव्या कागदी सीलवर सही करण्याआधी त्याचा नंबर उतरवून घ्यायचा.

संध्याकाळी घाई असते. बस खाली उभी असते, केंद्राध्यक्ष कातावलेला असतो, एजंटला प्रचारकार्यालयातून बोलावणं आलेलं असतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून निघून गेलेले एजंट मी पाहिले आहेत, सगळ्या पक्षांचे. त्याने जायचं नाही. ‘क्लोज’ चं बटण दाबल्यावर दिसणारा एकूण मतांचा आकडा वहीत लिहायचा, नोंदवहीतल्या शेवटच्या अनुक्रमांकाशी ताडायचा, आणि केंद्राध्यक्षाच्या सहीची फॉर्म १७ सी ची प्रत हातात घ्यायची. मतमोजणीच्या दिवशी त्याच केंद्राचं मशीन टेबलावर येईल तेव्हा ती प्रत मोजणी प्रतिनिधीच्या खिशात हवी.